हार घातलेला फोटो

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी पहिल्याच झटक्यात कबूल करणार आहे. लग्नाला चार महिने व्हायच्या आत मी माझ्या सासऱ्यांना मारलं. रविवारी सकाळी, अंघोळ-देवपूजा आटोपून, पन्नासएक निवृत्त शिक्षकांच्या साक्षीनं.

आणि वर त्या पन्नासजणांना ‘असाच लोभ असावा’ असंही लिहून पाठवलं.

मी तशी फार बोलणारी नाही. माहेर जेऊरचं, तिथं रेल्वे येते तेवढाच काय तो आवाज. सासरी सोलापुरात आले तेव्हा सासूबाई पहिल्याच आठवड्यात शेजारणीला सांगत होत्या, “सून चांगली हाय की. आवाज अजिबात न्हाय.” जणू नवा पंखा आणला होता. त्यामुळे माझ्या हातून एवढी मोठी बातमी पसरेल असं कुणाला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं. मलाही नाही.

माझे सासरे, म्हणजे अप्पा, निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं आणि अजून सुटलेलं नाही. भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेतानासुद्धा बहुमत, अल्पमत, हरकत, खुलासा असं सगळं यथासांग होतं. निवृत्त शिक्षकांची त्यांची एक संघटना आहे. त्या संघटनेचा एक आरोग्य निधी आहे. प्रत्येकानं दर महिन्याला आपल्या पेन्शनमधून थोडं त्यात टाकायचं, आणि ज्याच्यावर दवाखान्याची वेळ येईल त्याला त्यातून लगेच मदत द्यायची. कारण पेन्शन येतं महिन्याच्या तारखेला. आजारपण काही तारीख बघून येत नाही.

आता संघटनेचे अध्यक्ष बिराजदारसर यांच्या मनात आलं की तो निधी सभागृहाच्या बांधकामाकडे वळवावा. किती दिवस दुसऱ्यांच्या शाळेत सभा घ्यायच्या? अप्पांचं म्हणणं, सभागृहात बसायला माणसं तरी जिवंत राहायला नकोत का? गेले दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आणि या सगळ्यात ज्यांचं खरंच अडलं होतं त्या गवळीबाई. मंद्रूपच्या. चाळीस वर्षं पहिलीच्या पोरांना अक्षर शिकवलं, आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. निधी गेला असता तर त्यांचा दवाखानाच बंद पडला असता, इतकं साधं होतं ते.

ठरावावर मतदान रविवारी अकरा वाजता. आणि अप्पांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली शनिवारी दुपारी.

“पुढं ढकला की,” सासूबाई म्हणाल्या.

“तीनदा ढकललंय. परवा मी बिराजदाराला नमस्कार घातला आणि तो विजेचा खांब निघाला.”

ऑपरेशनचं कुणाला सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद. निधीसाठी भांडणारा माणूस स्वतःच निधीतून डोळे करून घेतोय, असं कुणी म्हणायला नको म्हणून. त्यांनी खर्च घरातूनच केला होता, पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? जिवलग मित्र शेखसर, संघटनेचे चिटणीस, त्यांनासुद्धा सांगितलं नाही.

ऑपरेशन झकास झालं. सासूबाई नवस फेडायला रविवारी पहाटेच्या गाडीनं अक्कलकोटला गेल्या. सुहास, माझा नवरा, कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्यात. घरात अप्पा आणि मी. अप्पांना डॉक्टरांनी सांगितलेलं: सरळ उताणं झोपायचं, कुशीवर वळायचं नाही, धूळ नको, फोनकडे तर बघायचंसुद्धा नाही, आणि सोमवारी दहाला तपासायला दवाखान्यात यायचं.

“सूनबाई,” अप्पांनी उताण्यानंच आज्ञा केली, “जो सभेला येऊ शकत नाही त्यानं सही केलेलं पत्र आणि ओळखीसाठी स्वतःचा एक फोटो चिटणीसांना नऊच्या आत पाठवायचा, असा नियम आहे. नियम मीच करून घेतलाय. पत्र टेबलावर आहे. फोटो तू काढ.”

एवढंच काम. सांगा, यात चुकण्यासारखं काय आहे?

मी त्यांचाच फोन घेऊन त्यांच्याकडे बघितलं. बनियन, दोन दिवसांची दाढी, डोळ्यावर कापसाची पट्टी. मला काही ते बरं दिसेना. नव्या सुनेनं सासऱ्यांचा असा फोटो बाहेर पाठवायचा? लोक काय म्हणतील, चार महिन्यांत काय हाल केले माणसाचे! तोवर अप्पांचा डोळा लागला. उठवायचं जिवावर आलं.

तेवढ्यात देवघराच्या वरच्या भिंतीवर नजर गेली. तिथं अप्पांचा निवृत्तीच्या सत्काराचा मोठा फोटो आहे. कपाळाला टिळा, खांद्यावर शाल, गळ्यात गुडघ्यापर्यंत येणारा झेंडूचा हार. चेहऱ्यावर असं समाधान, की आता या जगाकडून काही नको. मी तोच फोटो फ्रेमसकट टिपला. खालच्या कोपऱ्यात मी नुकतीच लावलेली समई आणि उदबत्तीचा धूरही आला. म्हटलं, छान, शुभ दिसतंय.

मग शेखसरांना शोधलं. वरतीच त्यांचं नाव दिसलं, दाबलं. ते ग्रुपमधल्या त्यांच्या शेवटच्या मेसेजचं नाव होतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. फोटो गेला संघटनेच्या ग्रुपवर. त्याखाली काहीच न लिहिणं उद्धटपणाचं वाटलं, मोठी माणसं आहेत, म्हणून हात जोडल्याचं चित्र टाकलं. एक बरं दिसेना म्हणून तीन टाकली.

मग पत्राचाही फोटो काढून तिथंच पाठवला. त्यावर अप्पांनी आदल्या दिवशी, दवाखान्यात जाण्यापूर्वी, आपल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: ‘उद्याच्या सभेत मी आपल्यात असणार नाही. तरी माझी इच्छा स्पष्ट आहे. आरोग्य निधीला हात लावू नये. गवळीबाईंसारख्यांना वाऱ्यावर सोडू नये. बाकी आपण सुज्ञ आहात.’

तुमच्याकडे निवृत्त मंडळींचा एखादा ग्रुप असेल, तर तिथं सकाळी सकाळी हार घातलेला फोटो, खाली जोडलेले हात आणि मागोमाग असं पत्र, याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीत असेल. मी त्या वयाच्या ग्रुपात कधी नव्हतेच हो!

दोन मिनिटांत उत्तरं सुरू झाली. जोडलेले हात. मग आणखी जोडलेले हात. मग रांगच. मला वाटलं, किती सुसंस्कृत लोक आहेत! मी तीन पाठवले, त्यांनी दीडशे परत केले. मग कुणीतरी लिहिलं, ‘असा शिक्षक पुन्हा होणे नाही.’ माझा ऊर भरून आला. मी नम्रपणे लिहिलं, ‘मी सून लिहितेय. आपणा सर्वांचे आभार. असाच लोभ असावा.’

लगेच बिराजदारसरांचा प्रश्न आला, ‘केव्हा झालं?’

आता मी दचकले. म्हणजे ऑपरेशनचं कळलं तर! सोलापुरात गोष्ट लपत नाही म्हणतात ते खरं. पण अप्पांनी सांगू नको म्हटलेलं. मग मी ठरवलं, खोटं बोलायचं नाही आणि ऑपरेशन हा शब्दही काढायचा नाही. जपून, मोघम उत्तरं द्यायची. माझ्या हुशारीचा तो कळस होता.

‘काल दुपारी चारला,’ मी लिहिलं. ‘शांतपणे झालं. अप्पांना काही त्रास झाला नाही.’

‘घरी आणलं का?’

‘हो, रात्रीच आणलं. आत झोपवलंय.’

‘मुलगा?’

‘पुण्याला आहे. उद्या सकाळी पोचेल. तो आला की दहा वाजता नेऊ.’

‘गाडीची व्यवस्था करायची का?’

‘नको, रिक्षानं नेऊ. जवळच आहे.’

मग एकानं लिहिलं, ‘शेवटपर्यंत साधेपणा.’

फोन वाजायला लागला तसा मी आवाज बंद केला. अप्पांची झोप मोडली असती ना!

साडेनऊला दारावर टकटक झाली. बघते तर गवळीबाई. पांढरी साडी, हातात डबा, डोळे सुजलेले. एकट्या रिक्षानं आल्या होत्या. मी हसून स्वागत केलं. नव्या सुनेनं हसून स्वागत करायचं असतं.

“या ना, बसा. चहा ठेवते. साखर चालते ना तुम्हाला?”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “नगं पोरी. आज तू चूल पेटवू नगंस. पिठलं-भाकरी आणलीय, खा थोडी.”

मला वाटलं, सोलापूरची रीत असेल. आमच्या जेऊरला आजाऱ्याकडे शहाळं नेतात, इथं पिठलं नेत असतील. डबा घेतला. कडक भाकरीही होती त्यात.

“लई वाईट झालं बाई,” त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या.

“अहो नाही, चांगलंच झालं! किती दिवस पुढं ढकलत होते. आम्हीच मागं लागलो. सुटले एकदाचे.”

“व्हय?” त्यांचा पदर तोंडावरच थांबला.

“आता पुढच्या महिन्यात आईंचंही उरकून घेऊ म्हणतोय. दोघांचं झालं की आम्हीपण मोकळे.”

गवळीबाई अर्ध्या उठल्या. मग पुन्हा बसल्या. मग पूर्ण उठल्या. सासूबाईंच्याही डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, ते तर सगळ्यांना माहीत आहेच.

“सासूबाई कुटं हायेत?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“अक्कलकोटला गेल्यात. आनंदानं.”

“देवा!” त्या म्हणाल्या. “एकदा बघू दे गं अप्पास्नी.”

“लांबूनच बघा हं. डॉक्टरांनी जवळ जायचं नाही म्हणून सांगितलंय.”

अप्पा ताठ उताणे. गळ्यापर्यंत पांढरी चादर. डोळ्यावर कापूस. शिस्त म्हणजे शिस्त, झोपेतसुद्धा हालचाल नाही. गवळीबाईंनी दारातूनच हात जोडले आणि त्यांना हुंदका आला.

“आता माज्यासाटी कोण भांडणार? येवढा येकच माणूस हुता.”

मला भरून आलं. एका सभेला नाही आले तर एवढं वाईट वाटावं! मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “काळजी करू नका, बाई. अप्पांचं पत्र पाठवलंय मी. ते नसले तरी त्यांचं मत मोजलं जाणार.”

त्या जिना उतरताना दोनदा मागं वळून माझ्याकडे बघत होत्या. मी हात हलवला.

बाराच्या सुमारास माझा फोन वाजला. सासूबाई.

“सूनबाई,” त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. त्या शांत असल्या की मला जास्त भीती वाटते. “मी हितं प्रसादाच्या पंगतीत बसलीय. आत्ता बिराजदारबाईंचा फोन आलता. म्हणाल्या, धीर धरा, आमी तुमच्या पाठीशी हाय. मी इचारलं, कशापायी? तर त्या रडाय लागल्या. मला येक सांग, तुजे सासरे हायत का?”

“आहेत की! आत झोपलेत.”

“नाकाला सूत लावून बघ.”

मी फोन घेऊन आत धावले. अप्पा जागे होते. “कोण आहे? मतदान झालं का?”

“आहेत, आई,” मी म्हणाले, “मतदान विचारतायत.”

“मग हायत,” सासूबाई म्हणाल्या. “आता तू काय केलीस ते बघ. मी जिलेबी खाऊन येते.”

मी ग्रुप उघडला. आणि वरपासून खालपर्यंत वाचत गेले. तो फोटो. ती समई. ते तीन हात. ‘असाच लोभ असावा.’ ‘रिक्षानं नेऊ.’

लपवण्यात अर्थ नव्हता. अप्पांच्या पलंगाशी उभी राहून मी सगळं सांगितलं. आयुष्यात एका दमात एवढं कधी बोलले नव्हते.

अप्पांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, “बिराजदारानं काय लिहिलंय? वाच.”

“‘मतभेद होते, मनभेद नव्हते. माझा परखड मित्र गेला. सोलापूर पोरकं झालं.’”

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं. अप्पांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग त्यांनी बाकीचेही वाचायला लावले. कुणी काय लिहिलं, कुणी काहीच लिहिलं नाही, सगळी हजेरी घेतली. आणि शेवटी आला शेखसरांचा मेसेज, दहा मिनिटांपूर्वीचा. सभेत अप्पांचं पत्र वाचून दाखवलं. सगळी सभा रडली. अंतिम इच्छेला मान देऊन निधी कायम ठेवण्याचा ठराव एकमतानं मंजूर. सभागृहाचा विषय मागे. दोन मिनिटं शांतता पाळून सभा तहकूब. सर्वजण अंत्यदर्शनासाठी निघत आहेत. उद्या ट्रेझरीत पेन्शन बंद करण्याचा अर्ज मी स्वतः देईन.

“अप्पा!” मी म्हणाले. “गवळीबाईंचं काम झालं!”

“झालं नाही,” अप्पा उठून बसले. “खोट्या माहितीवर झालेला ठराव टिकत नाही. माझा शर्ट दे.”

“अप्पा, निदान संध्याकाळपर्यंत…” मी पहिल्यांदाच सासऱ्यांना उलट बोलत होते. “परत मत घेतलं आणि पडलं तर? त्या बाई कुठं जातील?”

अप्पांनी शर्टाचं बटण चुकीच्या काजात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. “मला कळत नाही का ते?” ते हळू म्हणाले. “पण मी मेलोय म्हणून वाचलेला निधी मी जिवंत आहे कळल्यावर किती दिवस टिकेल? चष्मा दे. काळा.”

खाली गल्लीत माणसं जमलीच होती. शिक्षकच ते, न सांगता दोन रांगा केलेल्या. पुढं बिराजदारसर, हातात भलामोठा हार. शेजारी शेखसर, रुमालानं नाक पुसत. मागं गवळीबाई. अप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून काळ्या चष्म्यात दारात उभे राहिले.

आधी कुणालाच काही कळलं नाही. दोघातिघांनी तर त्यांनाही सांत्वनाचा नमस्कार केला.

“या अल्ला!” शेखसर ओरडले. “अरे, ये तो खडा है!” आणि पळत येऊन त्यांनी अप्पांना मिठी मारली. मग दोन पावलं मागं सरून म्हणाले, “क्या रे, डोळ्याचं ऑपरेशन केलास आणि मला बोल्ला नाही? मैं तेरे वास्ते सुबह से रो रहा हूं!”

बिराजदारसर तसेच उभे. हातातल्या हाराचं काय करावं ते त्यांना समजेना.

“अध्यक्षमहाराज,” अप्पा म्हणाले, “सभासद उपस्थित आहेत, गणसंख्या पूर्ण आहे. मघाचा ठराव चुकीच्या माहितीवर झाला. तो रद्द समजावा आणि मत पुन्हा घ्यावं.”

मी गवळीबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला होता. माझ्या तीन जोडलेल्या हातांनी दिलेलं, अप्पांचं एक वाक्य काढून घेत होतं.

“अप्पा,” बिराजदारसर शेवटी म्हणाले, “तीस वर्षांत मी पहिल्यांदा तुमच्याबद्दल चार शब्द चांगले बोललो, तेही तुम्ही परत घ्यायला लावताय?”

“शब्द राहू द्या. मत घ्या.”

तेव्हा मागून गवळीबाई पुढं आल्या. “सर, मगाशी मेलेल्या माणसाला समद्यांनी रडत रडत दिलंसा. आता जित्या माणसाला न्हाय म्हणणार व्हय? तसं असंल तर सांगा, मी उद्यापातूर मरून दावते, मग द्या.”

कुणीतरी हसलं. मग कुणीतरी डोळे पुसले. बिराजदारसरांनी हातातला हार बघितला, अप्पांकडे बघितलं, आणि तो हार अप्पांच्या गळ्यात घालून, तोच हात तसाच वर केला. मागं दोन्ही रांगांमधले हात वर गेले. शेखसरांनी दोन्ही केले, त्यांना एक खाली घ्यावा लागला.

निधी राहिला. या खेपेला जिवंत माणसाच्या बाजूनं.

मग सगळ्यांनी आमच्या जिन्यावर बसून गवळीबाईंचं पिठलं आणि कडक भाकरी वाटून खाल्ली, आणि सासूबाई जिलेबी घेऊन आल्या तेव्हा ऐन भरात असलेल्या सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ निघाले. एकच विषय होता. त्याचा ठराव आजही संघटनेच्या वहीत आहे: ‘यापुढे सभासदाच्या निधनाची वार्ता सुनेकडून आल्यास प्रथम सभासदास विचारून खात्री करावी.’ सूचक, खुद्द अप्पा. अनुमोदन सासूबाईंचं, सभासद नसताना, जिलेबीची परडी वर करून. एकमतानं मंजूर.

इतिवृत्त टाईप करायला कुणी नव्हतं, म्हणून ते मीच केलं. एक चूक नाही, हवं तर बघा.

फक्त ते ग्रुपवर पाठवायची वेळ आली, तेव्हा डोळ्यावर पट्टी असलेल्या अप्पांनी माझ्या हातून फोन काढून घेतला आणि म्हणाले, “दे इकडं. तुझ्यापेक्षा मला जास्त दिसतं.”